तंबूतली सुकट

ती सुकट माझी होती. वहिनींची नव्हती. मी तिथेच, त्याच मिनिटाला, एका वाक्यात हे सांगू शकलो असतो आणि सांगितलं नाही. आता सगळं पहिल्यापासून सांगतो. सांगताना मी मध्येच स्वतःची बाजू मांडायला लागलो तर तेवढा भाग सोडून पुढे जा. मला ती सवय आहे.

पनवेलला आमचा डोंगर चढणाऱ्यांचा एक गट आहे. रविवारी सकाळी कर्नाळा, कधी प्रबळगड, कधी माथेरानच्या मागच्या वाटा, आणि वर्षातून एकदा हिमालय. बहुतेक जण कामोठे आणि आसपासच्या सेक्टरांमधले: बँकेत असलेले, क्लास घेणारे, काही निवृत्त. बरेचसे घाटावरून येऊन इथे स्थायिक झालेले आणि त्यातले पुष्कळ शाकाहारी. मी गटातला जुना माणूस, म्हणून सगळे मला सर म्हणतात. मी शिक्षक नाही, कारकुनी करतो.

मूळचा मी उरणच्या बाजूचा. भातशेती आणि मिठागर असलेल्या घरातला. आमच्याकडे सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, नखाएवढी कोलंबी, ती घरात नाही असा दिवस नसायचा. पनवेलच्या शाळेत आलो तेव्हा माझा डबा उघडला की शेजारचा मुलगा आपला बाक सरकवून घ्यायचा. तो काही बोलायचा नाही, नुसता बाक सरकवायचा. त्यानंतर मी चारचौघांत मासळी खाणं सोडलं, ते आजतागायत. गटाच्या सहलीला मी बटाट्याची भाजी आणि पोळी नेतो. "सर तर आपल्यातलेच," असं कुणीतरी एकदा म्हणालं, मी शाकाहारी आहे असं समजून. मी हसलो. दुरुस्त केलं नाही.

वहिनी मात्र जशा होत्या तशाच गटात आल्या. मोठ्या भावाच्या पश्चात त्या गावातल्या घरी मुलगा-सुनेबरोबर राहत होत्या, आणि राहत होत्या म्हणजे बसून होत्या. दारातल्या खुर्चीवर बसायचं, उन्हं आली की खुर्ची आत घ्यायची, उन्हं गेली की बाहेर काढायची. एका रविवारी मी त्यांना आग्रहाने कर्नाळ्याला नेलं. साडी खोचलेली, पायात मुलाचे कॅनव्हासचे बूट, दोन आकडे मोठे. अर्ध्या चढावर सगळ्यांना वाटलं, या आता बसतील. त्या बसल्या नाहीत. वर सुळक्याखाली पोचल्यावर त्यांनी पश्चिमेकडे बोट केलं. खाडी, बंदरावरच्या क्रेन, त्याच्या पलीकडे धुरकट समुद्र.

"भावजी, ता आपला गाव ना? येवढासा?"

"हो, त्याच अंगाला."

"आन मी त्याच्यात बसून राह्यले व्हते."

त्यानंतर त्यांनी एक रविवार चुकवला नाही. स्वतःच्या मापाचे बूट घेतले. गटातल्या बायका विचारायच्या, "वहिनी, गुडघे नाही दुखत?" त्या म्हणायच्या, "गुडघं घरी बसल्यावर दुखतात. इथं त्यांना सवड नाय." बारीक झाल्या, मोठ्याने हसायला लागल्या. सुनेने मला सांगितलं, "काका, आई शनिवारी संध्याकाळी बूट दारात काढून ठेवतात." मला त्याचा अभिमान वाटायचा, जणू काही मीच चढत होतो.

मग हिमालयाचं ठरलं. उत्तराखंडातलं एक खोरं, ओकच्या जंगलाच्या वर गवताळ पठार, तिथे तंबू ठोकून राहायचं. त्या भागात काळी अस्वलं आहेत. आदल्या एका सहलीत मी अस्वलाचे ठसे पाहिले होते, तेव्हापासून त्या विषयावरचं मिळेल ते वाचलं होतं, आणि गटात अस्वलांचा जाणकार मीच झालो होतो. निघण्याआधी कामोठ्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी सगळ्यांना बसवून नियम समजावले. वाटेने जाताना बोलत चालायचं, टाळ्या वाजवायच्या. अस्वल दचकलं तरच बहुतेक वेळा अंगावर येतं. दिसलं तर पळायचं नाही, ते चढावर आणि उतारावरही आपल्यापेक्षा जोरात पळतं. झाडावर चढायचं नाही, ते आपल्याआधी चढेल. त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरकायचं. पिल्लं दिसली तर आणखी हळू. अंगावर आलंच तर पालथं पडायचं, पाठीवरची बॅग तशीच ठेवायची, हात मानेमागे घट्ट, चेहरा जमिनीकडे.

"सर, आणि सेल्फी?" मागून कुणीतरी.

"आधी अस्वलाला विचारा."

"ते ग्रुपवर ॲड करा म्हणालं तर?"

हॉल हसला. मी पुढे गेलो. सगळ्यात महत्त्वाचं, मी म्हणालो, वास. अस्वलाचं नाक कुत्र्यापेक्षा तिखट. तंबूत खायचं काहीही नको. चॉकलेट नको, चिवडा नको, टूथपेस्टसुद्धा नको. जे वासाचं आहे ते सगळं पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी तंबूंपासून लांब.

वहिनींनी हात वर केला. "डोक्याचा तेल?"

"तेही पेटीत."

"आन सुकी मच्छी? चार दिस नुसत्या डाळीवर माझा घास उतरायचा नाय. मी आपली चिमूटभर सुकट नेणार व्हते."

या वेळी हॉल जास्त जोरात हसला. एक बाई म्हणाल्या, "वहिनी, अस्वल पनवेलपर्यंत मागे येईल!" वहिनीही हसल्या. "मंग नको बाबा. ठेवते घरीच." मीही हसलो, सगळ्यांच्या आवाजात माझा आवाज मिळवून.

इथे मला थांबायला हवं, कारण त्या वेळी माझी सुकट ठरलेली होती. प्रत्येक हिमालयात मी ती नेत आलो होतो. डाळ-बटाट्याचा चौथा दिवस आला की माझ्याही घशाखाली घास जात नाही. मग मी झोपायच्या पिशवीत तोंड घालून लसूण-मिरची लावून भाजलेली सुकट चिमूट चिमूट खायचो, चोरासारखी, आणि वर लवंग चघळायचो. हॉलमधल्या त्या वर्गानंतर काही दिवसांनी, बायको ऑफिसला गेलेली असताना, खिडक्या उघड्या टाकून मी ती भाजली. बायको आल्यावर म्हणाली, "सुकट भाजलीत?" मी म्हटलं, "भूक लागली होती." पुडी एकावर एक तीन पिशव्यांत गुंडाळून, रबर लावून, बॅगेच्या बाजूच्या खिशात तळाशी घातली. नियम मला पाठ होते. ते मीच शिकवले होते. तरी मला वाटलं की तीन पिशव्यांतून माणसांना वास आला नाही म्हणजे झालं. मी ज्या नाकांना भीत होतो ती माणसांची होती. अस्वलाच्या नाकाचा मी खरं तर विचारच केला नव्हता.

पठारावर पोचलो त्या सकाळी मी स्वतः प्रत्येकापुढे पिशवी धरून फिरलो. "खायचं, वासाचं, सगळं द्या." खाकरे आले, चिक्की आली, खोकल्याच्या गोळ्या आल्या. वहिनींनी तेलाची बाटली दिली आणि वर बामची डबी. "हे बी घ्या. उगाच त्याला सर्दी झाली असली तं यायचा बाम लावायला." मी पिशवी नेऊन खालच्या दगडी झोपडीतल्या पेटीत रिकामी केली. तिथे मी एकटा होतो. परत जाऊन पुडी आणून टाकायला फार तर थोडा वेळ लागला असता. पण पेटी संध्याकाळी स्वयंपाकी उघडणार, आणि गटातल्या बायका त्याला मदत करणार. सरांची पुडी. मी नाही आणली.

त्या दिवशी आम्ही छोट्या पाठपिशव्या घेऊन वरच्या धारेवर जाणार होतो. मोठ्या बॅगा सगळ्या एका मोठ्या तंबूत एकत्र ठेवल्या. गटातले एक निवृत्त काका विरळ हवेमुळे डोकं दुखतं म्हणून छावणीतच थांबले, आणि खाली झोपडीत स्वयंपाकी होता. आम्ही बोलत, टाळ्या वाजवत, नियमाप्रमाणे वर गेलो.

दुपारी उतरताना लांबूनच भांडं बडवल्याचा आवाज ऐकू आला. मग शिटी. धावू नका, असं मी ओरडलो आणि स्वतः धावलो.

अस्वल गेलं होतं. मोठ्या तंबूची एक बाजू वरपासून खालपर्यंत फाटलेली, बॅगा बाहेर गवतात विखुरलेल्या. काका एका दगडाला टेकून बसले होते, डावा हात मांडीवर धरून, चेहरा पांढरा. कापड फाटल्याचा आवाज ऐकून ते आपल्या तंबूतून बाहेर आले, समोर अस्वल पाहिलं, आणि सगळे नियम विसरून पळाले. उतारावर दगडांत पडले. मनगट मोडलं होतं, ते बघणाऱ्यालाही कळत होतं. स्वयंपाक्याने खालून पातेलं बडवत आरडाओरडा केला तेव्हा जनावर जंगलाकडे वळलं. ते काकांच्या मागे गेलं नाही, याला नशीब म्हणायचं. स्वयंपाकी वैतागून एवढंच म्हणाला, "अब इसको तंबू का स्वाद लग गया. फिर आएगा."

आणि मग वास आला. मी तो सगळ्यांच्या आधी ओळखला. माझी बॅग आणि वहिनींची बॅग शेजारी शेजारी होत्या. अस्वलाने दोन्ही फाडल्या होत्या. पुडी दातांनी ओढत नेली असावी, कारण सुकट सगळी वहिनींच्या उघड्या पडलेल्या कपड्यांवर सांडली होती. त्यांच्या राखाडी लोकरी शालीवर, एका साडीच्या घडीत.

"ई! मासे आहेत हे," हॉलमध्ये बोललेल्या त्याच बाई म्हणाल्या. त्यांनी नाकाला ओढणी लावली. "वहिनी, सरांनी किती सांगितलं होतं. तुम्ही विचारलंसुद्धा होतं."

वहिनी शालीकडे बघत राहिल्या. "मी नाय आणला."

"मग तुमच्या कपड्यांत कसं?"

"मना काय ठाव? मी घरीच ठेवला. भावजींना इचारा, मी डोक्याचा तेलसुदा दिला त्यांच्याकडं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका कण्हत होते. कुणीतरी त्यांच्या हाताला फळकुट बांधत होतं. मला आठवतं, मी हातातली काठी जमिनीत रोवून उपटत होतो, पुन्हा पुन्हा.

मी म्हणालो, "जाऊ दे आता. चूक माणसाकडूनच होते. वहिनी पहिल्यांदाच आल्यात, आपण त्यांना सांभाळून घ्यायला हवं."

त्या बाई म्हणाल्या, "सर, तुमचं मन मोठं आहे."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी शाल उचलली, झटकली, आणि खाली ओढ्यावर धुवायला घेऊन गेल्या. ओली शाल त्यांनी उरलेली वाट हातात धरून नेली, कारण ती वाळत टाकायलाही आम्ही तिथे थांबलो नाही. सहल तिथेच संपली.

काकांना खाली गाडीपर्यंत पोचवलं की सांगू, असं मी ठरवलं. गाडीत ठरवलं, घरी पोचल्यावर सांगू. घरी पोचल्यावर वाटलं, आता लोक विसरत आले आहेत, उगाच कशाला उकरायचं. लोक विसरत नव्हते. गटाच्या व्हॉट्सॲपवर कुणी अस्वलाच्या तोंडात मासा असलेलं चित्र टाकलं, खाली हसण्याची रांग लागली. कुणी लिहिलं, यापुढे गावाकडच्यांना आधी जवळपासच्या डोंगरांवर नीट तयार करूनच न्यावं. त्यावर दोन-तीन अंगठे आले. मी फोन उलटा ठेवायचो, पुन्हा सुलटा करायचो, वाचायचो. एक दिवस दिसलं की वहिनी गटातून बाहेर पडल्या आहेत.

मी फोन केला. "वहिनी, रविवारी येताय ना?"

"नाय भावजी. गुडघं दुखतात."

त्यांनी तो शब्द मुद्दाम वापरला की नाही, मला माहीत नाही. मी म्हटलं, "बरं, काळजी घ्या," आणि ठेवला.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. जेवताना उठायचो, बसायचो. रविवारी कर्नाळ्याला जायचो आणि अर्ध्यातून उतरायचो, काम आहे म्हणून. स्कूटर काढून कंटेनरच्या ट्रकांमधून उरणच्या रस्त्याला लागायचो, की आज सांगायचंच. वहिनींच्या गावाचा फाटा आला की सरळ पुढे जायचो. मोरा बंदराच्या धक्क्यावर जाऊन उभा राहायचो. लाँच यायची, माणसं उतरायची, चढायची, लाँच जायची. मी कुणाला आणायला आलोय असं वाटून रिक्षावाले विचारायचे. मग परत. कधी फाट्याला वळलोच, तर त्या चहा करायच्या, मी मुलाची चौकशी करायचो, गावातल्या रस्त्याच्या कामाबद्दल बोलायचो, आणि निघताना त्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा घालायच्या. शेंगा घेऊन मी घरी यायचो. बायको म्हणायची, "सारखं काय काम असतं तुमचं तिकडे?"

एकदा सून मला फाटकापर्यंत सोडायला आली. "काका, आईंना न्या ना परत डोंगरावर. नुसत्या खुर्चीत बसून असतात. बूट माळ्यावर टाकलेत. काय झालं तिकडं, विचारलं तर सांगत नाहीत."

"हो, बघतो," मी म्हणालो.

बघतो! मी गाडी सुरू करायला विसरलो आणि ढकलतच काही अंतर गेलो.

मग या वर्षी पुन्हा हिमालयाचं ठरलं आणि पुन्हा तो वर्ग. तोच हॉल, त्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बरेच नवे चेहरे. या वेळी गटातल्या एका तरुण मुलीने पडद्यावर दाखवायला चित्रं तयार केली होती. मी नियम सांगत होतो, ती बटण दाबत होती. वासाच्या नियमापाशी तिने एक पान पुढे आणलं. वर लिहिलं होतं, आपल्या गटाचा अनुभव. खाली फाटलेल्या तंबूचा फोटो, आणि एक ओळ: एका सहभागी ताईंनी सूचना देऊनही बॅगेत सुकी मासळी ठेवली.

लोक हसले. काकांनी पहिल्या रांगेतून आपला डावा हात वर केला. मनगट सरळ जुळलेलं नाही, थोडं वाकडंच राहिलं आहे. "आणि हा त्याचा पुरावा!" ते म्हणाले. पुन्हा हशा. काका मनाने चांगले आहेत, त्यांनी ते गमतीनेच केलं. त्या बाई नव्या लोकांना समजावून सांगत होत्या, "सरांच्याच वहिनी हो. पण सर एका शब्दाने बोलले नाहीत त्यांना."

डाव्या बाजूला एक नवीन मुलगी बसली होती. आदल्या आठवड्यात ओळख करून देताना तिने सांगितलं होतं, उरणजवळच्या करंजा गावची आहे, घरच्यांची मासेमारीची बोट आहे. ती हसली नाही. तिने खुर्चीशेजारची आपली पिशवी पायाने हळूच खुर्चीखाली ढकलली. पिशवीत काय होतं कुणास ठाऊक. कदाचित पाण्याची बाटली असेल.

माझ्या तोंडून पुढचा नियम निघेना. "जरा पाणी पिऊन येतो," असं म्हणून मी हॉलच्या बाहेर पडलो, जिना उतरलो, स्कूटर काढली. फोन वाजत राहिला. या वेळी फाट्याला वळलो.

वहिनी मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या, बिरड्यासाठी. मला बघून पाट सरकवला. मी बसलो आणि समोरच्या परातीत हात घातला.

"हळू. डाळ मोडते तुमची. कामोठ्यात सोललेलाच मिळतो ना?"

"वहिनी, ती सुकट माझी होती."

त्यांचा हात थांबला नाही. वालाचं साल निघालं, एका बाजूला पडलं.

मी सगळं सांगितलं. तीन पिशव्या, पेटी, झोपडीत एकटा होतो ते. बाक सरकवणाऱ्या मुलाचंही सांगायला लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तो कोण आता मधीच?" मी ते सोडून दिलं.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

"मी नेली नवती, येवढा माहीत व्हता. मंग कोणाची, ता मी शोधायला नाय गेले." एक वाल त्यांनी बोटांत धरून ठेवला. "शोधला असता तं तुमीच निघाले असते, असा वाटला. म्हणून नाय शोधला. तुमच्या भावाच्या मागं माझं म्हणावं असं तुमीच."

"मला माफ करा, वहिनी."

"इथं कशाला?" त्या पहिल्यांदा चिडल्या. "इथं कोण हसला मना? हा वालाचा साल हसला? माझ्यासमोर पडवीत बसून रडाल, आन जाऊन तिकडं परत सर व्हाल. मना चोर कोणासमोर ठरवली तुमी?"

मी आणखी एक वाल सोलायला घेतला. तो मोडला.

"शाल धुतली मी त्या थंड पान्यात. बोटं लाकडं झाली. वर तुमी सगल्यांना सांगत व्हते, सांभाळून घ्या. मना सांभाळून घ्या!" त्यांनी परात माझ्यासमोरून ओढून घेतली. "द्या ते. निम्मे मोडले तुमी."

नंतर त्यांनी चहा केला. चहा पितानाही मी निघायच्या घाईत होतो आणि निघतही नव्हतो. कप ठेवताना मी विचारलं, "पुढच्या रविवारी त्याच हॉलमध्ये राहिलेला वर्ग आहे. मी तिथे सांगितलं तर तुम्ही याल?"

"मी कशाला येऊ? तुमचा तुमी सांगा."

मी फाटकापर्यंत गेलो. मागून हाक आली.

"येन मी. मागं बसन. पन माझ्याकडं बगून बोलू नका, उरलासुरला धीर जाल तुमचा. त्या काकांकडं बगा."

तो आठवडा कसा गेला ते लिहिण्यासारखं नाही. मी मनात वाक्यं जुळवायचो आणि प्रत्येक वाक्यात कुठेतरी माझ्यासाठी एक फट ठेवलेली सापडायची: "नकळत", "त्या परिस्थितीत", "गैरसमज". ती खोडून काढायचो. पुन्हा जुळवायचो. बायकोला आदल्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "एवढी वर्षं मी तुम्हाला घरी बटाटा का आवडत नाही विचारत होते," आणि उठून आत गेली. त्यात राग किती आणि दुःख किती, कळलं नाही.

रविवारी हॉल भरलेला होता. वहिनी सुनेबरोबर आल्या आणि खरंच सगळ्यात मागच्या रांगेत बसल्या. काही जुन्यांनी वळून पाहिलं, त्या बाई जरा अवघडून "अरे, वहिनी!" म्हणाल्या. वहिनींनी मान हलवली. करंजा गावची ती मुलगी आली होती. मी पडदा लावू दिला नाही. उभा राहिलो. खुर्चीची पाठ धरली.

काकांकडे बघून बोलायला सुरुवात केली. शब्द त्यातल्या त्यात साधे निघाले.

"मागच्या वेळी पडद्यावर एक ओळ होती. ती खोटी आहे. त्या तंबूत सुकट होती ती माझी होती. मी खातो. लहानपणापासून खातो, प्रत्येक सहलीत लपवून नेत आलोय. तुम्हाला सगळ्यांना पेटीत टाकायला लावलं आणि माझी टाकली नाही, कारण तुम्ही पाहाल याची मला लाज वाटत होती. काका, तुमचा हात माझ्यामुळे मोडला. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, तुम्ही दगडाला टेकून बसला होतात तेव्हा. मी तुमची माफी मागतो."

काका काही बोलायला गेले. मी हात वर केला, कारण थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. मग वहिनींनी नको म्हटलेलं केलं आणि मागच्या रांगेकडे पाहिलं.

"वहिनी, तुम्ही खरं सांगत होतात आणि मला ते माहीत होतं. तरी मी सगळ्यांसमोर तुम्हाला माफ केल्यासारखं बोललो. तुमचे डोंगर मी तुमच्याकडून काढून घेतले. ते परत देणं माझ्या हातात नाही. चुकलो एवढं म्हणून ते भरून येत नाही, हेही मला कळतं. पण जिथे तुम्हाला हसले तिथेच उभा राहून म्हणतो, वहिनी, मी चुकलो. मला माफ करा."